कुत्र्यानें आंब्याची कोय गिळली तर

वैशाख लागला व घरांत आंब्याची पहिली पेटी फुटली, म्हणजे माणसांइतकाच घरांतील कुत्राहि तिच्याभोंवतीं घोटाळूं लागतो. जेवणें होतात, ताटांत चोखलेल्या कोयींचा ढीग पडतो, आणि ताटें उचललीं जाण्यापूर्वीं एखादी कोय कुत्र्याच्या तोंडांत जाते. पुष्कळ घरीं ती हौसेनेंच दिली जाते. "चोखूं दे बिचाऱ्याला," असें आजोबा म्हणतात व मुलें टाळ्या पिटतात. रसानें बुळबुळीत झालेली ती कोय दाढेखालीं धरतां धरतां मागें सरकते आणि एका क्षणांत नाहींशी होते. कुत्रा ओठ चाटतो, शेपूट हालवितो, पुन्हां ताटाकडे पाहतो. त्याला कांहींच झालेलें दिसत नाहीं, आणि पुढील बहुतेक अनर्थ ह्या न दिसण्यामुळेंच घडतो.

कुत्रा आपल्याप्रमाणें घास चावीत नाहीं. तो तोडतो आणि गिळतो. त्याच्या मागील मोठ्या दाढा कातरीच्या पात्यांप्रमाणें एकमेकींला घासून जातात. त्या मांस कापण्यासाठीं आहेत, दाणे भरडण्यासाठीं नव्हेत. अन्ननलिकाहि तशीच घडविलेली आहे. मनुष्याच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागांत आंतड्यासारखे मऊ स्नायु असतात. कुत्र्याची अन्ननलिका मात्र आरंभापासून अखेरपर्यंत हातापायांच्या स्नायूंसारख्या पट्टेदार व जोरकस स्नायूंची असते. ती चांगली ताणली जाते, आणि म्हणून मोठमोठे तुकडे ती सहज खालीं ढकलते. तरी तिच्यांतहि तीन ठिकाणीं वस्तु अडकण्याची भीति असते: मान संपून छाती जेथें सुरू होते तेथें, हृदयाच्या बुडाशीं, आणि छाती व पोट ह्यांमधील पडद्याच्या किंचित् अलीकडे. ह्या तीन जागा ओलांडून वस्तु जठरांत पडली, म्हणजे कुत्र्याला बरें वाटतें व घरच्यांनाहि. "घशांतून उतरली, आतां पुढेंहि उतरेल," असा तर्क सर्वांच्या मनांत येतो. तो चुकीचा आहे. जठर ही ऐसपैस पिशवी. परंतु तिचें पुढचें दार अरुंद, आणि त्यापुढील लहान आंतडें तर कुत्र्याला जें जें गिळतां येतें त्याच्या मानानें फारच निमुळतें. वाट पुढें रुंद होत नाहीं, अरुंद होते.

येथें हाड व कोय ह्यांतील भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. कुत्र्याच्या जठरांतील आम्ल तीव्र असतें. हाडाचा तुकडा जठरापर्यंत सुखरूप पोंचला, तर तो पुष्कळदां तेथें मऊ होऊन विरघळतो. ह्यावरून लोक अनुमान काढतात कीं, हाड पचविणाऱ्या प्राण्याला कोय ती काय जड? पण कोयीचें कवच लांकडाच्या जातीचें आहे. त्यावर ना आम्लाचा परिणाम होत, ना पाचक रसांचा. गर निघून गेला तरी कवच, त्याच्या कडा आणि त्यावरील केसर जसेच्या तसे राहतात. अशी कोय जठरांत आठवडेच्या आठवडे पडून राहूं शकते. मधून मधून ती जठराच्या पुढच्या दारावर येऊन बसते, तेव्हां कुत्रा ओकतो. ती मागें सरली कीं तो पूर्ववत् खाऊं लागतो. घरांत म्हणतात, उन्हाळ्यानें पित्त झालें. पुढें पेटी संपते, पाऊस पडतो, आंब्याची गोष्ट सर्व विसरतात, आणि आषाढांत एके दिवशीं ती कोय दारांतून पुढें घुसून लहान आंतड्यांत रुतते. डॉक्टर विचारतात, "कांहीं गिळलें होतें काय?" आणि घरांतील प्रत्येक जण प्रामाणिकपणें "नाहीं" म्हणतो!

आंतडें बंद झालें म्हणजे काय होतें हें समजून घेतलें, तर घाई कां करावयाची हें निराळें सांगावें लागत नाहीं. अडथळ्याच्या अलीकडे पाचक रस व वायु सांचत जातात. आंतडें फुग्याप्रमाणें ताणतें. कुत्रा पुन्हां पुन्हां ओकतो, आणि पुढें पाणी प्यालेलेंहि बाहेर पडतें. अंगांतील पाणी व क्षार ह्यांचा क्षय होतो. ताणलेल्या भिंतींतील बारीक रक्तवाहिन्या दबल्या कीं तेवढ्या भागास रक्त मिळेनासें होतें, तो काळवंडतो, मरतो, व शेवटीं फाटतो. आंतड्यांतील घाण उदरांत पसरली म्हणजे पराकाष्ठेचे उपाय करूनहि प्राणी हातीं लागेलच असें नाहीं. अडथळा जठराजवळ असेल तर ओकाऱ्या जोराच्या व लवकर सुरू होतात. तो खालीं असेल तर लक्षणें सावकाश दिसतात व तितकीच फसवितात. कुत्रा अन्नास तोंड लावीत नाहीं, कोपऱ्यांत जाऊन बसतो, पोटास हात लावूं देत नाहीं. कधीं कधीं पुढचे पाय व छाती जमिनीस टेकून मागचा भाग उंच धरतो, जणुं काय नमस्कारच घालीत आहे. ही ऐट नव्हे, पोटदुखी आहे. त्याच्या हिरडीवर बोट दाबून उचलावें. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हां गुलाबी व्हावयास हवा. हिरड्या फिक्या किंवा चिकट लागल्या, अथवा मानेवरील कातडी चिमटींत धरून सोडली असतां सावकाश खालीं बसली, तर सकाळची वाट पाहण्याची वेळ राहिलेली नाहीं असें समजावें.

आतां पहिल्या अर्ध्या तासाविषयीं. ह्या अवधींत कोयीपेक्षां घरच्या उपायांनींच अधिक अपाय होण्याचा संभव असतो. सर्वांत वाईट उपाय मिठाच्या पाण्याचा. ओकारी यावी म्हणून मुठीनें मीठ कालवून घशांत ओततात. ओकारी न आली तर तें मीठ रक्तांत जातें, मेंदूच्या पेशींतील पाणी ओढून घेतें, झटके येतात. मीठानें कुत्रीं मेल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांना चांगलीं ठाऊक आहेत. दुसरा उपाय तेलातुपाचा. तूप पाजल्यानें कोय घसरत नाहीं. बळजबरीनें ओतलेलें तेल मात्र श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसाचा दाह करूं शकतें. तिसरें एरंडेल. पुढची वाट बंद असतां मागून जोर लावणें म्हणजे तुंबलेल्या नळास दट्ट्या मारून तो फोडणें होय. केळें, भात, पाव देऊन वस्तु "गुंडाळण्याची" युक्तिहि बऱ्याच घरीं चालते. तींत एक अडचण अशी कीं, भूल देण्यापूर्वीं पोट रिकामें असावें लागतें, आणि ह्या खाण्यामुळें डॉक्टरांचे कांहीं तास फुकट जातात. घशांत बोटें घालून ओकविण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये. सारांश, कुत्र्याच्या तोंडांत घरच्यांनीं कांहींहि घालूं नये, औषधहि नाहीं व अन्नहि नाहीं.

करावयाचें काम निराळेंच आहे, व तें घरच्यांशिवाय कोणासहि करतां येत नाहीं. काय गिळलें, किती वाजतां गिळलें, किती मोठें होतें, अखंड होतें कीं चावून फोडलेलें, हें तात्काळ कागदावर लिहून काढावें. त्याच पेटींतील त्याच आकाराची दुसरी कोय धुऊन बरोबर घ्यावी; चेंडू असेल तर त्याचा जोडीदार, खेळणें असेल तर उरलेला तुकडा. कुत्र्याचें वजन ठाऊक असावें. मग लगेच पशुवैद्यास फोन करून निघावें. कोय पोटांत गेल्याची खात्री असेल, तर कुत्रा खेळत असला तरी निघावें. हाच तो मुहूर्त, कीं ज्या वेळीं काम सोपें असतें. घरांत लहान मूल असेल तर तेंच बहुधा खरा साक्षीदार असतें, आणि तेंच बोलत नाहीं. कारण कोय त्यानेंच दिलेली असते. त्याला त्या घटकेस रागें भरूं नये. दटावलेल्या मुलानें "मीं नाहीं दिली" म्हटलें, तर त्या तीन शब्दांची किंमत कुत्र्याला मोजावी लागते. घरकामास येणाऱ्या बाईंच्या बाबतींतहि हेंच खरें.

डॉक्टर वस्तूचा आकार व कुत्र्याचा बांधा पाहून ठरवितात. वस्तु गुळगुळीत असून नुकतीच गेली असेल तर ते टोंचून ओकारी आणवितात. ती ओकारी मोजलेल्या औषधाची असते. पण मोठी, टोकदार कडांची कोय लहान कुत्र्याच्या अन्ननलिकेंतून उलट येतांना मध्येंच अडकूं शकते; तेव्हां ते ओकारीस नकार देतात, व घरच्यांनीं त्यांच्याशीं वाद घालूं नये. दुसरी सोय दुर्बिणीची. तोंडावाटें लवचिक नळी जठरांत घालून आंतील भाग पाहण्याची कांचतंतूंची दुर्बीण माणसांसाठीं १९५७ सालीं प्रथम तयार झाली; आज ती मोठ्या शहरांतील कांहीं पशुवैद्यांकडेहि आहे, आणि तिच्या टोंकाच्या चिमट्यानें पुष्कळ वस्तु पोट न कापतां काढतां येतात. मात्र वस्तु जठरांत किंवा त्याच्या वर असेल तोंवरच.

क्ष-किरणांविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. राँटगेन ह्यांनीं १८९५ सालीं ते किरण शोधून काढल्यापासून, "चित्र काढलें कीं सर्व दिसतें," अशी लोकांची श्रद्धा बसली आहे. नाणें, सुई, हाड हीं दिसतात. कोय, मक्याच्या कणसाचा बुरकूंडा, मोजा, रबराचा तुकडा हे स्वच्छ दिसत नाहींत. फुगलेल्या आंतड्यावरून डॉक्टरांस तर्क करावा लागतो, ध्वनिलहरींची तपासणी करावी लागते, किंवा पांढरें औषध पाजून तें कोठें थांबतें हें पाहावें लागतें. म्हणून चित्रांत कांहीं नाहीं ह्याचा अर्थ पोटांत कांहीं नाहीं असा होत नाहीं. ज्या घरांतून "दुपारीं दोन वाजतां, अखंड कोय" एवढी चिठ्ठी आली, तेथें हा सर्व शोध निम्म्यावर येतो.

शस्त्रक्रियेचें नांव काढतांच मंडळी दचकतात व "दोन दिवस वाट पाहूं" म्हणतात. पण वाट पाहिल्यानें शस्त्रक्रिया टळत नाहीं, अवघड होते. जठर उघडून कोय काढणें हें त्यांतल्या त्यांत सोपें, कारण जठराची भिंत जाड असते व लवकर भरून येते. आंतडें चिरून काढणें त्याहून नाजूक. आंतड्याचा मेलेला भाग कापून दोन टोंकें एकमेकांस शिवणें सर्वांत कठीण, सर्वांत खर्चाचें व सर्वांत धोक्याचें. एकच कोय, एकच कुत्रा. दिवस मात्र निरनिराळे. लहान, गुळगुळीत वस्तूची गोष्ट वेगळी. ती असेल, कुत्रा खातपीत असेल, आणि डॉक्टरांनीं स्वतः थांबण्यास सांगितलें असेल, तर दोन-तीन दिवस त्याची विष्ठा काडीनें फोडून पाहावी. काम किळसवाणें आहे, पण "पडली असेल" हा अंदाज पुराव्याच्या जागीं ठेवतां येत नाहीं.

कोयीखेरीज इतर वस्तूंपैकीं कांहींचा स्वभाव ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. दोरा, सुतळी, फाटलेल्या मोज्याचा धागा, संक्रांतीचा मांजा ह्यांचें एक टोंक वर अडकतें व दुसरें आंतड्यांत पुढें जातें. मग लेंग्याच्या नेफ्यांत नाडी ओढली असतां जशा चुण्या पडतात, तशा आंतड्यास चुण्या पडतात, आणि ताणलेला दोरा त्यांस करवतीप्रमाणें कापूं लागतो. तोंडांतून वा गुदद्वारांतून असा दोरा लोंबतांना दिसला, तर तो ओढण्याचा मोह कोणासहि होईल. परंतु तो ओढूं नये, तसाच ठेवून कुत्रा डॉक्टरांकडे न्यावा. सुई व सेफ्टीपिन ह्यांच्या बाबतींत ओकारीचा विचारहि नको. घड्याळांत व खेळण्यांत असणारे बटनासारखे विजेचे सेल तर सर्वांत घातकी. अन्ननलिकेच्या ओलसर भिंतीस चिकटून बसलेला सेल तेथें विजेचा प्रवाह सुरू करतो, त्यापासून दाहक क्षार तयार होतो, व दोन तासांच्या आंत खोल भाजल्याची जखम होऊं शकते. तेथें रात्रीं-अपरात्रीं जावें हेंच बरें. लोहचुंबकाचे दोन तुकडे गिळले गेले तर तेहि तितकेच वाईट. आंतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांस ओढतात व मधली भिंत चिरडतात.

वस्तु पोटांत न जातां घशांत बसली, तर मात्र डॉक्टरांपर्यंत पोंचण्याइतकाहि वेळ नसतो. जो कुत्रा खोकतो, कण्हतो, आवाज काढतो, त्याचा श्वास चालूं आहे. त्यास शांत ठेवून गाडींत घालावें. ज्याचा आवाजच बंद झाला, जो पंजानें तोंड ओरबाडतो, ज्याची जीभ निळी पडूं लागली, त्याचें तोंड उघडून पाहावें. वस्तु दिसली व चिमटींत येण्यासारखी असली तरच काढावी. न पाहतां बोटें घातल्यास ती आणखी आंत जाते. निघाली नाहीं तर हाइम्लिक ह्या अमेरिकन डॉक्टरानें १९७४ सालीं माणसांसाठीं सुचविलेली रीत कुत्र्यालाहि लागू पडते. कुत्र्यामागें उभें राहून पोटास वेढा घालावा, बरगड्या संपतात त्याच्या लगेच मागें मूठ ठेवावी, व वर आणि पुढें असे चार-पांच झटके द्यावेत. मग पुन्हां तोंड पाहावें. लहान कुत्र्यास डोकें खालीं करून धरावें. वस्तु उडून बाहेर आली तरीहि त्यास दाखवून आणणें अवश्य आहे.

ह्या ठिकाणीं एक इशारा दिल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. पिसाळलेला कुत्रा प्रत्येक वेळीं अंगावर धांवून येतो असें नाहीं. ह्या रोगाच्या एका प्रकारांत कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळतां येत नाहीं, आवाज बदलतो. पाहणाऱ्यास वाटतें, घशांत हाड अडकलें आहे. मालक कळवळून तोंडांत हात घालतो, हातावरच्या ओरखड्यांत लाळ जाते, आणि त्याला वाटतें आपण एका मुक्या प्राण्यावर उपकार केला. तेव्हां ज्या कुत्र्यानें कांहीं गिळल्याचें कोणीं पाहिलेलें नाहीं, ज्याला प्रतिबंधक लस टोंचलेली नाहीं, किंवा जो बाहेर भटकून कुत्र्यांशीं भांडत असतो, त्याच्या तोंडांत हात घालूं नये. पशुवैद्यास फोनवरच ही शंका सांगावी. हात गेलाच असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. पाश्चर ह्यांनीं १८८५ सालीं ती लस मनुष्यास प्रथम टोंचली तेव्हांपासून आजपर्यंतचा अनुभव एकच आहे: लक्षणें दिसण्यापूर्वीं ती तारते, नंतर नाहीं.

जावें कोठें हा प्रश्न कोय गिळल्यावर सोडवीत बसूं नये. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, नागपुरास १९५८ सालीं. आतां तर बहुतेक शहरांत खाजगी पशुवैद्य आहेत. परंतु त्यांतील कोण रात्रीं फोन घेतो, क्ष-किरणांची सोय कोणाकडे आहे, दुर्बीण कोठें मिळते, हें आंब्याची पेटी येण्यापूर्वींच विचारून टेलिफोनजवळ लिहून ठेवावें. रात्रीं अकरा वाजतां हीं नांवें शोधतांना घरांत काय गोंधळ उडतो, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस ह्या सूचनेचें हंसूं येणार नाहीं.

कुत्र्यानें कोय तोंडांत धरली आहे, पण अजून गिळलेली नाहीं, अशी एक घटका पुष्कळदां मिळते, आणि ती आरडाओरड करून वायां घालविली जाते. सगळें घर "सोड! सोड!" करीत पाठीमागें लागलें, म्हणजे कुत्र्याला वाटतें, आपला ठेवा हिसकावला जात आहे, आणि ठेवा लपविण्याची त्याच्याजवळ एकच जागा आहे, ती म्हणजे पोट. अशा वेळीं जागच्या जागीं बसावें, साध्या आवाजांत हांक मारावी, व कोयीपेक्षां मोलाचा वाटेल असा खाऊ पुढें करावा. चिकन किंवा पनीर असल्यास उत्तम. तो खाऊ घेण्यासाठीं त्याला तोंड उघडावेंच लागतें. हा व्यवहार लहानपणापासून रोज एखाद्या खेळण्यावर करून ठेवला, तर "सोड" ह्या शब्दास खरोखरच अर्थ येतो. पिल्लांना व दांत येत असलेल्या तरुण कुत्र्यांना हें विशेष शिकवावें. मोठा कुत्रा एकाएकीं माती, दगड, कापड खाऊं लागला तर मात्र तो खोडकरपणा न समजतां जंत, रक्ताची कमतरता किंवा पोटाचा दुसरा विकार आहे काय हें तपासून घ्यावें.

शस्त्रक्रिया झालेला कुत्रा घरीं आल्यावर पहिले पांच दिवस सर्वांत जपण्याचे. आंतड्याची शिवण सुटावयाची असेल तर ती बहुधा तिसऱ्या ते पांचव्या दिवसांत सुटते. म्हणून बरा दिसूं लागलेला कुत्रा त्या दिवसांत पुन्हां मलूल झाला, ओकला किंवा तापला, तर टांक्यांची तारीख यावयाची वाट पाहूं नये. डॉक्टर सांगतील तेव्हांपासून थोडा थोडा मऊ भात व उकडलेलें कोंबडीचें मांस दिवसांतून चार-पांच वेळां द्यावें. त्यांत कांदा व लसूण नसावा, ते कुत्र्याच्या रक्तास अपायकारक आहेत. टांके चाटूं नयेत म्हणून गळ्यांत घातलेली पुठ्ठ्याची टोपी त्याला पाहून दया आली तरी काढूं नये; दहा ते चौदा दिवसांचाच प्रश्न असतो. आणि ओट्याखालची सालीकोयींची बादली तेवढ्या अवधींत झांकणाची आणून घ्यावी, व झांकणावर वरवंटा ठेवावा; कारण घरीं आल्यावर कुत्रा प्रथम तिच्याकडेच जाईल.